उपासाला चालणारा मासा

परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानात नोरीची, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पाकिटं उलटी करून वाचत उभा होतो, एवढाच माझा गुन्हा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, वसाबीवालं घ्या, एकदम टेस्टी."

"माशांसाठी हवंय."

"मग सोबत सोया सॉस देऊ?"

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे, जिवंत, असा खुलासा केला आणि तिथेच चुकलो. रांगेत मागे एक काकू होत्या.

"मासे शेवाळ खातात? म्हणजे शाकाहारी?"

टँग नि रॅबिटफिश हे समुद्री मासे बव्हंशी तसेच. दिवसभर खडकाला तोंड लावून चरायचं, हाच त्यांचा धंदा. नुसत्या कोळंबीवर ठेवले तर खंगतात, रंग उतरतो. हे सगळं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"हे शेवाळ म्हणजे आपलं चायना ग्रासच की!"

वाईट याचं वाटलं की काकू फारशा चुकल्या नव्हत्या. चायना ग्रास लाल शेवाळापासून बनतो आणि नोरीही लाल शेवाळच. भाजली की तिचं लाल रंगद्रव्य मोडतं आणि मागे हिरवं उरतं. न भाजलेली जांभळट काळी दिसते. माशांना दोन्ही चालतात. हे मी बोलून गेलो.

"चायना ग्रास आम्ही उपासाला खातो," काकू म्हणाल्या. "मग फक्त तेच खाणारा मासा उपासाला का चालू नये?"

रांगेतल्या चार जणांनी माझ्याकडे पाहिलं. जणू धर्मसिंधू मीच लिहिलाय. बोकडही पालाच खातो, मग तो चतुर्थीला चालतो का, हे उत्तर मला सुचलं ते घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर.

तोवर पाकीट वाचायचं राहिलंच. घटकांच्या यादीत एकच नाव हवं: शेवाळ. तीळतेल, साखर, सोया सॉस, मसाला दिसला की पाकीट परत फळीवर. कोरियन स्नॅकचे ते छोटे चौकोन बहुतेक तेल लावलेलेच असतात. मिठाचं एवढं काही नाही, मासे राहतातच खारवणीत. तेलाचा मात्र पाण्यावर तवंग येतो, फेसातून घाण उपसणाऱ्या स्किमरचा फेस बसतो, मग टाकीतली घाण कोण काढणार? काकू?

त्यांचा पुढचा सल्ला: "विकत कशाला? जुहूला फुकट पडलेलं असतं." मुंबईच्या किनाऱ्यावरचं शेवाळ म्हणजे शहराचं सांडपाणी वाळवून टाकीत घालणं. मालवणच्या स्वच्छ कातळावरची ताजी उल्वा, म्हणजे हिरवं समुद्री शेवाळ, असती तर वाद घातला नसता.

माशाचं चित्र छापलेलं पाकीट हा आणखी एक संताप. आत तीच नोरी, तुकडे करून, दाम चढे. सुशीचा साधा ताव साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचा, जेमतेम ३ ग्रॅमचा. दोन मध्यम टँगना सुरुवातीला रोज त्याचा आठवा हिस्सा घालावा आणि किती संपतो ते बघून वाढवावा. विरळ, भोकं पडलेला ताव घेऊ नये, पाण्यात पडताच त्याच्या चिंध्या होतात. तुकडा क्लिपला लावून काचेवर चिकटवायचा. नवा मासा क्लिपला बुजतो, त्याच्यासाठी रबरबँडने दगडाला बांधायचा, म्हणजे खडकावर चरल्यासारखं वाटतं. संध्याकाळपर्यंत उरलेलं काढलं नाही तर ते टाकीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातांत अडकतं, कुजतं, नायट्रेट-फॉस्फेट वाढतं आणि काचेवर वेगळंच शेवाळ उगवतं. ते मात्र टँग हुंगूनही बघेल याची खात्री नाही. उरलेले ताव हवाबंद डब्यात ठेवावेत. पावसाळ्यात ते मऊ पडतात, पण कुरकुरीतपणाची तक्रार माशांनी अजून केलेली नाही.

मी साधी, बिनतेलाची नोरी घेतली. "साहेबांचे मासे डाएटवर दिसतात," मुलगा बिल करता करता म्हणाला.

काकूंनी वसाबीवालं घेतलं. हिरवा ठिपका बघून.