पिंग किती येतो, दादा?

आमच्या घरातलं प्लेस्टेशन माझं आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढच्या रामायणात भेटलेल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची, बँकेत कर्ज विभागात, आणि शनिवारी रात्री ओटा आवरून झाला की सिंगापूरला असलेल्या धाकट्या भावाशी ऑनलाइन फुटबॉल खेळते. भाऊबीज वर्षातून एकदा, भांडण दर शनिवारी. मुलगा अकरावीत आहे. तो जाता जाता "आई, पास दे ना!" एवढं ओरडतो आणि आपल्या खोलीत जातो.

तर प्रश्न इंटरनेटचा होता. मी बटण दाबायचे आणि माझा गोलकीपर जरा विचार करून मग उडी मारायचा. तोवर चेंडू जाळ्यात आणि हेडफोनमधून सिंगापूर विचारतंय, "ताई, झोपला होता का गं तो?" खेळात पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद. माझा हुकूम सर्व्हरपर्यंत (म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत) पोचून त्याचं उत्तर परत यायला लागत होते १८०. दहा-अकरा चित्रं उलटून गेल्यावर गोलकीपरला कळायचं की बाईंनी काहीतरी सांगितलंय. घरातली बाकीची माणसं याहून उशिरा ऐकतात हे मान्य, पण ती गोलात उभी नसतात.

हा जो जाऊन-येऊन लागणारा वेळ, तो पिंग. मला एवढीच एक गोष्ट हवी होती, आणि बाजारात तेवढीच एक गोष्ट कोणी विकत नाही.

"मॅडम, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, ४९९."

"पिंग किती येतो?"

"शंभर एमबीपीएस, मॅडम."

"ते झालं हो. सिंगापूरला पिंग किती येतो?"

थोडी शांतता. मागे कोणाला तरी विचारल्याचा आवाज. मग, "मॅडम, दोनशेचा पण प्लॅन आहे."

दुसऱ्या कंपनीचा मुलगा हुशार होता. त्याने विचारलं, "गेमिंग मुलगा करतो का, मॅडम?" मी म्हटलं, मी करते. तो म्हणाला, "बरं, सर आहेत का घरी?" सर घरी होते. सर पेपर वाचत होते. सरांचं या विषयावरचं मत असं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काय वाईट चालतं. मी फोन सरांना दिला नाही.

एमबीपीएस आणि पिंग यांचा घोळ मी सासूबाईंना पंगतीवरून समजावला, आणि त्यांना तो कस्टमर केअरच्या आधी कळला. एक वाढपी भलं मोठं पातेलं घेऊन येतो, पण अर्ध्या तासाने. दुसऱ्याच्या हातात छोटी वाटी, पण आपण 'वरण' म्हणायचा अवकाश, हा पानापुढे हजर. पातेलं म्हणजे एमबीपीएस, पायांचा चपळपणा म्हणजे पिंग. सासूबाई म्हणाल्या, "मग दुसराच बोलव. पातेलं घेऊन काय करायचंय तुम्हा दोघांना?"

खरंच काही करायचं नव्हतं. सामना चालू असताना खेळ फारसा डेटा खातच नाही. खेळाडू कुठे पळतोय आणि चेंडू कुठे गेला एवढेच निरोप इकडून तिकडे जातात, आणि ते एक-दोन एमबीपीएसमध्ये आरामात मावतात. आपल्या सरकारी व्याख्येत २००४ साली २५६ केबीपीएसला, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ते किमान २ एमबीपीएस झालं. माझा फुटबॉल बहुधा त्या सरकारी किमानातही बसला असता, फक्त ते दोन एमबीपीएस वेळेवर आणि न अडखळता यायला हवे होते.

पातेलं लागतं ते डाउनलोडला. हल्ली एकेक गेम १०० जीबीचा असतो, वर अपडेट वेगळे. इथे बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो, म्हणून आमच्या शाखेत करते तसा मांडते. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, गेम गिगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे शंभरच्या कनेक्शनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतात, आणि १०० जीबीला लागतात सव्वादोन तास. चाळीसच्या प्लॅनवर तोच गेम साडेपाच तास घेईल. रात्री लावून झोपलं की सकाळी तयार. दही लागायलाही तेवढा वेळ जातोच, त्यासाठी कोणी तीनशेचा प्लॅन घेत नाही.

किमतींचं मी फार लावून घेतलं नाही. ४९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ होतात, हे मला फोनवर कोणी सांगितलं नाही, पण ते मी धरूनच चालले होते. 'अनलिमिटेड'च्या शेजारी बारीकशी चांदणी होती आणि पानाच्या तळाशी तिचा अर्थ, ३३०० जीबीपर्यंत. तीही माझ्या उपयोगाबाहेरची मर्यादा. सोबत चौदा ओटीटी फुकट. एकात पंजाबी कीर्तन चोवीस तास लागतं, ते सासूबाईंना आवडलं.

खरी मेख होती सिंगापूर. मुलगा म्हणाला, "आई, तू कितीही पैसे दे, मामाशी खेळताना पिंग चाळीसच्या खाली येणार नाही." मला वाटलं, हा आगाऊपणा आहे. मग त्याने वहीत करून दाखवलं (फिजिक्सच्या वहीत, म्हणून मी गप्प बसले). काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेघेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. जायला वीस मिलिसेकंद, यायला वीस. शिवाय केबल काही सरळ रेघेत जात नाही. ती मुंबई नाहीतर चेन्नईच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरते, समुद्राचा तळ धरून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वळणं घेत पोचते, आणि वाटेत निरोप पुढे धाडणारा प्रत्येक डबा, म्हणजे राउटर, थोडा थोडा वेळ घेतो. म्हणजे साठ-सत्तर मिळाले तर उत्तम. त्याच्या वरचे जे शंभर-सव्वाशे मी भोगत होते, ते कंपनीचे. काही कंपन्या स्वस्त पडतं म्हणून किंवा सोयीचं म्हणून सिंगापूरचा निरोप लांबच्या वाटेने नेतात. पुण्याहून नाशिकला जायचं आणि बस सोलापूरमार्गे, असलं काहीतरी. वरचा प्लॅन घेतला तरी बसचा मार्ग तोच. फक्त बस मोठी येते.

बरं, हे आधी तपासायचं कसं? कंपनीच्या स्पीड टेस्टवर माझा विश्वास नाही. ती टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या आवारात ठेवलेला असतो. तिथवरचा पिंग ३ येतो. अभिनंदन. मला त्या आवारात फुटबॉल खेळायचा नव्हता.

शेवटी मी लॅपटॉप काखोटीला मारून सोसायटीत फिरले. कोणाकडे कुठल्या कंपनीचं नेट आहे त्याची यादी वॉचमनकडे तयारच होती, कारण वायरवाले त्यालाच विचारतात. वेळ मुद्दाम रात्री नऊची. सकाळी अकराला सगळ्याच कंपन्या गुणी असतात. नऊ वाजता घरोघरी मालिका, क्रिकेट आणि अमेरिकेच्या मीटिंगा एकदम सुरू होतात, तेव्हा खरं काय ते कळतं. खालच्या काकूंनी पोहे दिले आणि वायफायचा पासवर्ड दिला (गोत्र आणि १२३). मी सिंगापूरच्या सर्व्हरला पिंग लावला. पडद्यावर एकाखाली एक आकडे: ७१, ७३, ७०, ७२. काकूंनी विचारलं, "बीपी आहे का कोणाचं?"

दुसऱ्या मजल्यावरचं कनेक्शन तिप्पट महाग होतं. तिथे आकडे आले ५८, ६१, ५९, २४०, ६०, ५७, ३१०. सातातले पाच आकडे काकूंच्याहून चांगले, पण या दोन कनेक्शनांत मी डोळे मिटून काकूंचं घेईन. पिंग कायम ७२ असेल तर बोटांना त्याची सवय होते, तेवढं आधी बटण दाबता येतं. मध्येच उसळणाऱ्या पिंगाची सवय कशी करणार? आणि तो २४० नेमका पेनल्टीच्या वेळी येतो, हा माझा अभ्यास आहे.

काकूंचं कनेक्शन होतं आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं. ना जाहिरात, ना अ‍ॅप. फोन केला की तो स्वतः उचलतो. मी सवयीने विचारलं, "पिंग किती येतो, दादा?" तो म्हणाला, "कुठला? मुंबईचा सहा-सात. सिंगापूरचा सत्तर. दुबईचा पण चांगलाय. कुठला गेम आहे, ताई?"

मी तिथेच सहा महिन्यांचे पैसे भरले.

जोडायला दोन पोरं आली. गच्चीवरून वायर टाकणं वगैरे रीतसर झालं, सेक्रेटरींची परवानगी आणि त्यांचं भाषण धरून. पण तंतू जोडताना मी आणि सासूबाई खुर्च्या ओढून बसलो. वरचं काळं आवरण सोललं, आतलं पांढरं सोललं, आणि उरला केसासारखा काचेचा धागा, १२५ मायक्रॉनचा. पोराने तो स्पिरिटच्या कापसाने पुसला, एका छोट्या कटरवर टक्कन कापला आणि डब्याएवढ्या मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन खांबांसारखी मोठी दिसत होती. ती आपोआप एका रेषेत सरकली, बारीकशी ठिणगी पडली, आणि दोनाचा एक धागा झाला. सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, माझा चष्मा लावून सुईत दोरा जात नाही."

पिंग तरीही उसळायला लागला. यात मात्र केबलवाल्याचा दोष नव्हता. वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे एकाच वारंवारतेचे भाऊबंद. आमटी गरम करायला ठेवली की इकडे माझा स्ट्रायकर जागच्या जागी धावायचा. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला आमटीचा त्रास नाही, पण दोन भिंती ओलांडताना त्याची दमछाक होते. उपाय एकच, राउटरपासून प्लेस्टेशनपर्यंत थेट वायर, म्हणजे लॅन केबल. ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला नेण्याचा सरळ मार्ग देवघरामागून होता. त्यावर घरात जी चर्चा झाली ती देत नाही. वायर पुसून घेतली आणि लावली.

मग भावाचा आवाजच येईना. प्लेस्टेशन म्हणालं, 'नॅट टाइप ३', म्हणजे बाहेरच्यांना माझ्यापर्यंत थेट पोचणं कठीण. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते केव्हाच वाटून संपलेत (मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये गेले), म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक घरं नांदवतात. बाहेरून कोणी थेट हाक मारली तर ती नेमकी कोणाला, हेच कळत नाही. केबलवाल्याने वेगळा पत्ता दिला, थोडे जास्त पैसे घेऊन. लगेच टाइप २ झाला आणि पहिला शब्द ऐकू आला, "झोपलीस का?"

त्यानंतर एका शनिवारी पिंग ३०० वर गेला तो थेट सरांमुळे. सर महाबळेश्वरचे फोटो क्लाउडवर चढवत होते. अपलोडचा रस्ता फोटोंनी तुंबला की माझे इवलेसे निरोप त्यांच्या मागे रांगेत उभे राहतात. पातेलं केवढंही असो, दारात गर्दी झाली की संपलं. आता राउटरमध्ये सरांच्या फोनला मर्यादा घातली आहे. त्यांना अजून कळलेलं नाही. हे ते वाचतील तेव्हा कळेल.

तर सध्या पिंग ६८, आणि मागच्या शनिवारी मी ३-१ जिंकले. पण नवीनच काळजी सुरू झालीये. केबलवाला बोलता बोलता म्हणाला की एका फायबरला पुढे स्प्लिटर, म्हणजे फाटे फोडणारी डबी, लावून बत्तीस, कधी चौसष्ट घरं निघतात, आणि येणारे अडीच जीबीपीएस (म्हणजे अडीच हजार एमबीपीएस) सगळ्यांत मिळून असतात. शिवाय त्याने वरून जेवढी बँडविड्थ (पातेलंच ते) विकत घेतली आहे, तीही सगळ्या गल्लीची मिळून. म्हणजे घरं वाढली की रात्री नऊची रांग वाढली. आणि सोसायटीत बातमी पसरली आहे की आमचं नेट चांगलं आहे.

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, "काय हो, तो केबलवाला कसाय? आमच्याकडे लावावं म्हणतोय."

मी म्हटलं, "अहो, नावच काढू नका. संध्याकाळ झाली की बंद. दोन-दोन दिवस फोन उचलत नाही."

काकूंनाही सांगून ठेवलं आहे की कोणी विचारलं तर तोंड वाकडं करायचं. त्या पिंगसाठी नाही, पण सेक्रेटरींसाठी करतील.

काल केबलवाल्याचा फोन आला. "ताई, तुमच्या बिल्डिंगमधून कळलं, नेट सारखं बंद पडतंय म्हणे. पोरं पाठवतो, सगळं काढून नवीन जोडून देतील."

"नको!" मी म्हटलं. "हात लावायचा नाही कशाला!"

"मग कंप्लेंट काय आहे, ताई?"

"कंप्लेंट राहू द्या तशीच. आणि सेक्रेटरींचा फोन आला तर उचलू नका."