येशूच्या पायाशी सरकता जिना कशाला हवा, असं अण्णा म्हणतात

छोट्याला कंपनीच्या कामाने ब्राझीलला जायचंय आणि मधे दोन दिवस रिओत मोकळे मिळणारेत, तर काल कट्ट्यावर त्याने सहज विचारलं की तो डोंगरावरचा येशू, म्हणजे ख्राईस्ट द रिडीमरचा पुतळा, बघायला वर जाऊ का खालूनच फोटो काढून येऊ. झालं, चहा गार झाला पण विषय काही संपेना.

मास्तरांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला, वर जाऊच नको. म्हणे त्या कोर्कोवाडो डोंगरावर चढलास की ज्याच्यासाठी चढलास तोच धड दिसत नाही, ३० मीटरचा पुतळा, त्याखाली ८ मीटरचा चौथरा, आणि समोर उभं राहायला जागा एवढीशी, लोक अक्षरशः फरशीवर आडवे पडून एकमेकांचे फोटो काढत असतात. त्यापेक्षा केबलकारने शुगरलोफच्या डोंगरावर जा, तिथून पुतळ्यासकट अख्खं शहर दिसतं. आता हे खरंच आहे, मी दोन्हीकडे जाऊन आलोय आणि संध्याकाळी शुगरलोफच बरं. पण वर गेल्यावर ग्वानाबाराचा उपसागर, लागोआ तलाव, कोपाकबानाचा किनारा, माराकाना स्टेडियम हे सगळं ७०० मीटर खाली एका नजरेत येतं ना तेव्हा पहिल्यांदा कळतं की हे शहर डोंगर आणि समुद्राच्या मधल्या फटीत कसं कोंबून बसलंय, ते फोटोत नाही कळत.

अण्णांचा आक्षेप मात्र वेगळा होता. ते म्हणाले देवाच्या दारात लिफ्ट आणि सरकते जिने म्हणजे ते देवस्थान नाही, मॉल आहे. २००३ मधे हे बसवलं, त्याआधी शेवटच्या दोनशेच्या वर पायऱ्या चढाव्याच लागायच्या, आणि अण्णांच्या मते तेच बरोबर होतं, घाम गाळल्याशिवाय दर्शन कसलं.

इथे मी भांडलो. कारण मी तिथे एक म्हातारी बाई बघितली, व्हीलचेअरवर, मुलगा ढकलत होता, लिफ्टमधून बाहेर आल्यावर तिने मान वर केली आणि बराच वेळ ती कोणाशी काही बोललीच नाही. पायऱ्या असत्या तर ती बाई आयुष्यभर खालूनच बघत राहिली असती. आणि घामाचंच म्हणाल अण्णा तर देवाच्या आधी तिथे रेल्वे पोचली! दातेरी रुळावरून चढणारी रेल्वे, १८८४ मधे ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू याच्या काळात सुरू झाली, १९१० मधे विजेवर आली, पुतळ्याचं उद्घाटन १२ ऑक्टोबर १९३१ ला. म्हणजे ४७ वर्षं लोक नुसता नजारा बघायला आरामात बसून वर जात होते, आणि पुतळ्याचं सामानसुद्धा याच गाडीने वर गेलं.

घाम कोणाचा होता ते ऐका. काम १९२२ ते १९३१ चाललं. इंजिनियर एतोर दा सिल्वा कोस्ता, शिल्पकार पॅरिसचा पॉल लँडोव्स्की, चेहरा घडवला लिओनिदा नावाच्या रोमानियन माणसाने, पैसा बराचसा ब्राझीलच्या कॅथलिक लोकांच्या वर्गणीतून आला. आत सगळं काँक्रीट आहे, पण बाहेरून शंखजिऱ्याच्या दगडाचे छोटे छोटे त्रिकोणी तुकडे बसवलेत, आणि ते तुकडे कापडाच्या पट्ट्यांवर चिकटवायचं काम शहरातल्या बायकांनी केलं, काहींनी तर तुकड्याच्या पाठीवर घरच्यांची नावं लिहिली. ती नावं आज कुणालाच दिसत नाहीत, आत सिमेंटला चिकटलेली आहेत. मला वर उभं राहून हेच डोक्यात येत होतं, फोटो काढायचं सुचलंच नाही.

आणि ते जंगल! गाडी वीसेक मिनिटं ज्या झाडीतून जाते ना ती तिजुकाची झाडी परत लावलेली आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर बोडके केले, झरे आटले, शहराला पाणी पुरेना, म्हणून १८६१ नंतर सरकारने झाडं लावायला घेतली, आणि सुरुवातीची ती हजारो झाडं लावली गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांनी. त्यांचा पुतळा काही कोणी उभारला नाही. खिडकीतून फणस दिसतात, जिथे तिथे फणस, पोर्तुगीजांनी आपल्याकडूनच नेलेला, आणि आता तिकडे तो इतका माजलाय की मूळच्या झाडांना जागा सोडत नाही. हे ऐकून मास्तर पहिल्यांदा गप्प बसले.

छोट्याला मी एवढंच सांगितलं की तिकीट आधी काढून ठेवू नको, सकाळी उठून खालून डोंगराकडे बघ, डोकं ढगात असेल तर त्या दिवशी सोडून दे. वर गेल्यावर स्वतःचा हात दिसत नाही इतकं धुकं असू शकतं, माझा पहिला दिवस तसाच वाया गेला. विजाही पडतात तिथे, २०१४ मधे पुतळ्याच्या उजव्या अंगठ्याचा टवका उडाला होता.

अण्णा काही मानले नाहीत. म्हणाले तरणाताठा आहेस, चालत जा. वाट आहे, पार्के लाजे नावाच्या बागेपासून निघते, दोन-तीन तास लागतात, एका ठिकाणी साखळी धरून कातळ चढावा लागतो, आणि तिथे लुटालूट झालेली आहे म्हणून एकटं जायचं नाही. छोट्या म्हणाला सोबत कोण येणार. अण्णा म्हणाले गुडघे बरे असते तर मी आलो असतो.