आयएसएलच्या नावावर 35 हजार? एक रुपयाही देऊ नका

“14 ते 17 वयाच्या मुलांना आयएसएल क्लबचा थेट 5 वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट, पुढच्या वर्षी स्पेन. बालेवाडीत ट्रायल. रजिस्ट्रेशन फी 35 हजार. ट्रान्सफर विंडो बंद व्हायच्या आत भरा.” आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा, आणि हा मेसेज सध्या पुण्यातल्या फुटबॉलवाल्या पालकांच्या ग्रुपांवर धुमाकूळ घालतोय. माझ्या ताईने तर फॉर्मही भरला होता, फक्त क्यूआर कोड स्कॅन करायचा राहिला होता. तिला जे फोनवर सांगितलं तेच इथे लिहितो. एकेकाला वेगळं समजावत बसायला मला वेळ नाही.

आधी कॉन्ट्रॅक्ट. खेळाडूंचा दर्जा आणि ट्रान्सफर (एका क्लबातून दुसऱ्यात जाणं) यासाठी फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाची एक नियमावली आहे. ती फिफाच्या साइटवर फुकट मिळते. तिचं 18 वं कलम सांगतं की 18 वर्षांखालच्या खेळाडूला 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक कॉन्ट्रॅक्ट करता येत नाही. 5 वर्षं ही मोठ्यांची कमाल मर्यादा. हे कलम प्रत्येक देशाच्या महासंघावर बंधनकारक आहे, म्हणजे आपल्याकडेही ‘इथे चालतं हो’ असं म्हणायला जागा नाही. ज्याला हे माहीत नाही तो तुमच्या पोराला साइन काय करणार?

पण खरा विषारी भाग मेसेजमध्ये नाहीच, तो फॉर्ममध्ये आहे. ताईने मला फॉर्मचे फोटो पाठवले. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, शेवटून तिसरी ओळ: ‘भविष्यातील ट्रान्सफर रकमेतील 30 टक्के हिस्सा एजन्सीचा राहील’. खाली पालकांच्या सहीची चौकट. मुलगा अल्पवयीन, त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही, म्हणून सही तुमची हवी! खेळाडूच्या ट्रान्सफरच्या पैशात असा तिऱ्हाईताचा हिस्सा ठेवायला फिफाने मे 2015 पासून बंदी घातलेली आहे. म्हणजे आधी 35 हजार घ्यायचे आणि वर पोराच्या भविष्यावर बेकायदा हक्कही सांगायचा. दरोडेखोर निदान सही तरी मागत नाहीत.

आणि फी? फुटबॉलमध्ये पैसा नेमका उलट्या दिशेने वाहतो. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. घेणारा क्लब देतो, घडवणाऱ्याला मिळतं. पालकाने खिशातून भरायचं ‘आयएसएल रजिस्ट्रेशन’ या साखळीत कुठेच बसत नाही. अकादमीची महिन्याची फी वेगळी. ती शिकवण्याची असते, साइनिंगची नव्हे.

स्पेनचं तर बोलूच नका. त्याच नियमावलीचं 19 वं कलम: परदेशी ट्रान्सफर 18 नंतरच. मोजके अपवाद आहेत, जसं आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी तिकडे राहायला गेले तर. त्यात व्हॉट्सॲप ट्रायल येत नाही. केरळचा आशिक कुरुनियन पुण्यात, पुणे एफसीच्या अकादमीत घडला. आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीने त्याला 2016 मध्ये स्पेनला विलारियाल क्लबच्या तिसऱ्या संघाकडे पाठवलं, तेव्हा तो 19 वर्षांचा होता.

विंडोची घाई ही निव्वळ दमदाटी. विंडो क्लबांनी खेळाडू नोंदवण्यासाठी असते आणि वर्षातून दोनदा उघडते. फक्त हौशी खेळाडूंच्या स्पर्धांना ती लागूच नाही. बालेवाडी? मैदान कोणीही भाड्याने घेऊ शकतं. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद एफसी आली. त्यानंतर आयएसएलमध्ये पुण्याचा संघच नाही.

मेसेजमधलं आणखी एक वाक्य मात्र, नाइलाजाने, अर्धं मान्य करतो: ‘फॉरेनर्समुळे आपल्या पोरांना जागा नाही’. 2014 मध्ये आयएसएलमध्ये मैदानावरच्या अकरांत 6 परदेशी चालायचे, आपल्याच एफसी पुणे सिटीत फ्रान्सचा त्रेझेगे होता. पण 2017-18 ला ते 5 झाले आणि 2021-22 ला 4. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच मोसमात हैदराबादकडून आयएसएल जिंकला. जागा अजून कमीच आहेत, वादच नाही. पण म्हणून ती विकत मिळते असं कोणी सांगितलं?

मुलाला कुठल्या तरी क्लबकडून जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खेळवा. नोंदणी क्लबच करतो. कोणी एजंट म्हणून आलाच तर त्याचं नाव फिफाच्या परवानाधारकांच्या यादीत शोधा, तीही ऑनलाइन आहे. आणि पैसे आधीच गेले असतील तर लाजू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनला आजच फोन लावा. फॉर्मचे फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. ‘सर रिफंड देतो म्हणालेत’ म्हणून थांबू नका.