‘वजनात काटामारी’ या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

तुमच्या मस्टँगला आमच्या दुकानात बसवलेल्या हलक्या रिम्सबद्दलचा तुमचा अभिप्राय रविवारी रात्री मुलीने मोबाइलवर दाखवला. एक तारा. तेव्हापासून तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं, कारण राग होता. आता थोडा कमी आहे.

आधी आमची चूक. शंभरच्या पुढे गाडीचं स्टिअरिंग थरथरत होतं, ते आमच्यामुळे. नवीन रिमचं मधलं भोक 73.1 मिलिमीटरचं आणि मस्टँगचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 70.5 चा, म्हणून मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली की चाक मध्यावर नीट बसत नाही. पुढच्या डाव्या चाकाला ती बसवायची राहिली. दुसऱ्या दुकानदाराने ते दाखवून दिल्याचं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मी खात्री करायला ट्रे उपडा केला, तर चौथी रिंग जुन्या नटांखाली पडलेली होती. काम पोराने केलं असलं तरी गाडी मी सोडली, त्यामुळे दोष माझा. मनापासून माफी मागतो. त्या दुकानदाराचं बिल पाठवा, मी भरतो.

उशीर झाला तोही मान्य. चार वाजता देतो म्हणालो आणि साडेआठला दिली. फक्त एवढंच की तुम्ही अकराला येणार होतात आणि आलात सव्वा वाजता. तारीख होती 30 ऑगस्ट, गणपतीतला शनिवार. नाना पेठेत त्या दिवशी संध्याकाळी एवढी रुंद गाडी गल्लीतून मागे घ्यायची म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. दोन मंडळांचे कार्यकर्ते पुढे चालत होते तुमच्यासाठी. असो.

पण ‘वजनात काटामारी करतात, 10.2 सांगून 11.3 किलोची चाकं गळ्यात मारली’ हे जे लिहिलंत, ते मला झोपू देत नाही. वडिलांनी 1984 साली याच जागेत टायर-ट्यूबचं दुकान टाकलं. तेव्हापासून आम्हाला महाग म्हणणारे भेटले, तुसडे म्हणणारे तर बरेच भेटले. काटामारी हा शब्द पहिल्यांदा आला. आणि तोही वजन जास्त दिलं म्हणून!

तर सर, हिशोब करू. तुमचेच आकडे घेऊन.

तुम्ही घरी टायरसकट चाक काढलंत, बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला टांगलंत आणि फोटो टाकलात. काट्यावर 23.4 दिसतंय. त्यातून टायरचं वजन म्हणून 12.1 वजा केलंत, ‘कंपनीच्या साइटवर दिलंय’ म्हणून. उरले 11.3. गणित बरोबर आहे. तुमच्या काट्यालाही मी नावं ठेवत नाही, तो चोख आहे. पण तो फोटो मी मुलीच्या लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. टायरच्या भिंतीवर 275/40 वाचता येतंय. म्हणजे ते मागचं चाक. तुमच्या गाडीला पुढे 255 चे टायर आहेत आणि मागे 275 चे. 12.1 हे पुढच्या टायरचं वजन आहे. मागचा रुंद टायर 13 किलो भरतो. हे मी अंदाजाने सांगत नाही, तुमचे टायर जुन्या रिमवरून उतरवले तेव्हा तेही तोलले होते. 23.4 मधून 13 गेले, राहिले 10.4. त्यात हवेच्या दाबाचा सेन्सर, व्हॉल्व्ह, मधली टोपी आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं, मिळून दोनशे ग्रॅम. उरलं किती? 10.2.

हाच आकडा तुमच्या बिलाच्या मागे माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. पुढची 9.8, मागची 10.2. कंपनीची मूळ चाकं पुढे 13.3 आणि मागे 13.8. चारही मिळून 14.2 किलो कमी झाले. वजन करताना तुम्ही समोर उभे होतात आणि व्हिडिओ काढत होतात. काटा माझा नव्हता. भवानी पेठेतल्या ओळखीच्या भुसार दुकानातून मागवला होता, वजन-मापवाल्यांचा शिक्का असलेला. तो दुकानदार म्हणाला होता, ‘चाकं तोलायला काटा नेणारा तूच पहिला.’ एवढं करून काटामारी?

मला वाटतं, खरी गोष्ट वेगळी आहे. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेच 3.7 किलो हा आकडा घेऊन. रेज कंपनीच्या टीई 37 या चाकाचं नाव त्यावरून पडलं, हे खरं आहे. पण ते 3.7 किलो 15 इंची, 6 इंच रुंदीच्या फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेल्या चाकाचं. तुमचं चाक 19 इंची, मागे साडेनऊ इंच रुंद, आणि फ्लो-फॉर्म्ड. यात मधला भाग ओतीव असतो, आणि कडेची बॅरल, म्हणजे टायर बसतो ती गोल पट्टी, गरम करून, फिरवत, रोलरने दाबून पातळ आणि दाट केली जाते. साध्या ओतीव चाकापेक्षा हलकं, पूर्ण फोर्ज्डपेक्षा थोडं जड, आणि किमतीत दोघांच्या मधलं. फोर्ज्डचा भाव मी सांगितला होता. तो ऐकून तुम्ही पाणी मागितलंत. मी दिलं. (‘चहासुद्धा विचारला नाही’ असंही लिहिलंय. दोनदा विचारला, दोन्ही वेळा तुम्ही फोनवर होतात.)

‘पिकअपमध्ये शून्य फरक’ म्हणता. सतराशे किलोच्या वरची गाडी, त्यातून 14 किलो गेले. तेवढ्याने सीटला पाठ चिकटेल असं मी कधी म्हटलं नाही. हलक्या चाकाचा फायदा आपल्याकडे खराब रस्त्यावर कळतो. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते कमी झालं की चाक खड्ड्यातून लवकर सावरतं आणि दणका वर कमी येतो. सिंहगड रोडवरून एकदा जुन्या आणि एकदा नव्या चाकांवर जाऊन बघा. शिवाय टायर हा फिरणाऱ्या चाकाच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला असतो आणि तुमच्या गाडीत तर तो रिमपेक्षाही जड आहे. म्हणूनच मी म्हणालो होतो की टायर अजून हजारभर किलोमीटरच चालतील, ते संपू द्या, मग हलके टायर आणि रिम एकदमच घेऊ. तुम्हाला गौरीच्या जेवणाआधी गाडी हवी होती.

दर कमी झाला तरी जास्त जीएसटी घेतला, हेही तुम्ही माझ्या माथी मारलंत. बिल 30 ऑगस्टचं, कौन्सिलचा निर्णय 3 सप्टेंबरचा आणि नवा दर लागू झाला 22 सप्टेंबरला. 28 चे 18 टक्के झाले याचा मलाही आनंद आहे, पण तुमच्या बिलातले ते दहा टक्के माझ्या गल्ल्यात नाहीत. ते सरकारकडे गेले.

आणि शेवटची ओळ: ‘पुण्यात यातलं कुणाला कळत नाही, सरळ मुंबईला जा.’ सर, तुम्ही राहता कोथरूडला. एआरएआयची टेकडी तुमच्या गच्चीवरून दिसत असेल. देशभरातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. एन्काई कंपनीचा चाकांचा कारखाना इथे जवळच शिक्रापूरला आहे. माझ्या दुकानाबद्दल काय लिहायचं ते लिहा, पण सगळं पुणं कशाला?

एका गोष्टीची मात्र मला खरंच काळजी वाटते, रागाने नाही लिहीत. तुम्ही मागचं चाक घरी काढलंत आणि परत बसवलंत. नट कशाने आवळलेत? या गाडीचे नट आवळायला 204 न्यूटन-मीटर जोर (टॉर्क) लागतो. साध्या कारच्या जवळजवळ दुप्पट. डिकीतल्या पान्यावर पाय देऊन तो मोजता येत नाही. शिवाय नवीन रिम बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत परत या, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) लावून बघू, असं बिलावर शिक्का मारून दिलं होतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी ताम्हिणीला गेलात आणि फोटो टाकलेत. फोटो छान आहेत, गाडी काळ्या रिमवर उठून दिसते. पण तुम्ही आला नाहीत. आला असतात तर रिंगचीही चूक तेव्हाच माझ्या हाती लागली असती. आता निदान जवळच्या कुठल्याही चांगल्या दुकानात टॉर्क रेंचने नट तपासून घ्या, माझ्याकडेच या असं नाही.

आमच्याकडून पुढे काळजी घेऊच. रिंगा मोजून द्यायच्या-घ्यायच्या, त्याचा एक कागद करायचा विचार आहे. पोरालाही समज दिली आहे. वेळेचंही बघतो.

या अभिप्रायानंतर दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, ‘ते वजनाचं काय प्रकरण?’ एकाने बुकिंग रद्द केलं. दोन कामगार आणि मी, तिघांची घरं या दुकानावर चालतात, म्हणून एवढं लांब लिहिलं.

तारे द्यायचे तेवढे द्या, रिंगेसाठी एकच दिलात तरी मी हूं की चूं करणार नाही. फक्त ‘काटामारी’ हा शब्द काढा. खात्री हवी असेल तर गाडी घेऊन या. मागचं चाक उतरवू, टायर वेगळा करू, दोन्ही तोलू. भुसारवाल्याचा काटा परत मागवतो, तुमचा हुकाचाही आणा. उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग, कशाचेही पैसे नाहीत. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, सोमवारी दुकान बंद असतं.