लिटर मोजून टाकी घेऊ नका

पीसीपी एअरगन (आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा मारणारी बंदूक) नवी घेतलेल्या माणसाकडे एक संदेश हमखास पोचतो. त्याचा सारांश असा: ती भरायला हवेची पहिली टाकी घेताना फक्त लिटर बघा, जितकी मोठी टाकी तितक्या जास्त वेळा बंदूक भरेल. जुनी मिळाली तरी बिनधास्त घ्या, तीनशे बारच्या (बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) टाकीवर साडेचारशेचा छाप असतो, म्हणजे तेवढं ती सोसतेच. हवा ती हवाच, कुठल्याही कॉम्प्रेसरने भरा आणि झटपट भरा. जोडणीतून हवा सुटत असेल तर थेंबभर तेल सोडा. आणि बंदुकीत जमेल तेवढा दाब भरा, छर्रा तितका जोरात जातो.

यातले काही सल्ले जिवावर बेतणारे आहेत. बाकीचे फक्त खिशावर. सुरुवात खिशापासून करतो, कारण जवळजवळ प्रत्येक जण आधी तिथेच फसतो.

‘जितके लिटर जास्त, तितके फिल जास्त’

टाकीतली हवा बंदुकीत जाते ती केवळ दाबाच्या फरकामुळे. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की ती थांबते. म्हणून बंदूक २०० बारपर्यंत भरायची असेल, तर टाकीतल्या २०० बारच्या वरच्या हवेवरच पूर्ण फिल (बंदुकीच्या भरण्या) मिळतात. त्याखाली कितीही हवा शिल्लक असली तरी बंदुकीचा काटा २०० ला टेकणार नाही.

आकडे मांडून बघू. बंदुकीचा हवेचा सिलिंडर २०० सीसीचा आहे आणि दाब १२० वर उतरला की तुम्ही तो पुन्हा २०० पर्यंत भरता, असं धरा. फरक ८० बारचा, आकारमान ०.२ लिटर, म्हणजे एका फिलला बाहेरच्या साध्या दाबाची १६ लिटर हवा लागते.

आता १२ लिटरची, २३२ बारची पोलादी डायव्हिंग टाकी घ्या. आत एकूण २,७८४ लिटर हवा. पण २०० च्या वर फक्त ३२ बार, म्हणजे ३८४ लिटर, म्हणजे २४ फिल. डायव्हिंगचीच ११.१ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी २०७ बारची असते. तिच्यात २,३०० लिटरच्या आसपास हवा, पण कामाची जेमतेम ७८ लिटर. चार फिल पूर्ण होतात, पाचवा अडखळतो. आणि ६.८ लिटरची, ३०० बारची कार्बन फायबरची टाकी? एकूण हवा तिघींत सगळ्यांत कमी, २,०४० लिटर. कामाची मात्र ६८०. फिल ४२.

हा हिशोब पाठ्यपुस्तकातल्या आदर्श वायूचा आहे. प्रत्यक्षात ३०० बारला हवा त्याहून साधारण दहा टक्के कमी मावते, त्यामुळे ४२ चे चाळिशीच्या आत येतात. क्रम मात्र तोच राहतो. बंदूक २५० बारची असेल तर २३२ ची टाकी, मग ती १२ लिटरची असो की १८ ची, एकदाही पूर्ण फिल देणार नाही.

संदेशाच्या बाजूने एवढं मान्य करतो की टाकी २०० च्या खाली आली म्हणून लगेच निकामी होत नाही. रेग्युलेटर (पुढे जाणारा दाब ठरावीक आकड्यावर ठेवणारा भाग) बसवलेल्या बंदुकीत तो समजा १३० बारवर लावलेला असेल, तर १८० पर्यंत भरूनही नेम तसाच लागतो, फक्त छर्रे कमी मिळतात. आणि ज्याची बंदूक १५०–१६० बारवरच खूश असते, त्याने कार्बन फायबरचा हट्ट धरायचं कारण नाही. पोलादी टाकी जड असते, पण नीट तपासण्या होत राहिल्या तर वर्षानुवर्षं टिकते.

दिसायला छोटी आणि सुटसुटीत म्हणून पेंटबॉलची बाटली घेणारेही भेटतात. आतला दाब ३०० बार असला तरी तिच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो आणि बाहेर साधारण ८५० पीएसआय, म्हणजे ६० बारही नाही, एवढाच दाब येतो. त्याने पीसीपी भरत नाही.

‘४५० चा छाप आहे, म्हणजे ४५० सोसते’

टाकीवर दोन दाब कोरलेले किंवा छापलेले असतात. एक कामाचा, दुसरा चाचणीचा. ३०० च्या टाकीवर ४५०, २३२ च्या टाकीवर ३४८ हे आकडे चाचणीचे. तो दाब टाकीला हायड्रो टेस्टमध्ये, पाणी भरून, थोडा वेळ दिला जातो. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. हवेचं तसं नाही. ३०० बारच्या ६.८ लिटर टाकीतली हवा एकदम मोकळी झाली तर चार लाख ज्यूलच्या घरात ऊर्जा सुटते. बऱ्यापैकी ताकदवान एअरगनच्या छर्ऱ्यात ती जेमतेम काही डझन ज्यूल असते. साडेचारशेचा छाप वाचून टाकी साडेतीनशेपर्यंत भरणारा माणूस या मधल्या अंतरावर पैज लावत असतो, तीही शेजारी उभा राहून.

जुन्या टाकीबद्दल माझं मत सरळ आहे: शेवटच्या चाचणीची तारीख वाचता येत नसेल तर ती फुकटातही नको. कार्बन फायबरच्या अनेक टाक्यांना १५ वर्षांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं आणि मध्ये ठरावीक काळाने, बऱ्याच ठिकाणी दर ५ वर्षांनी, हायड्रो टेस्ट लागते. आयुष्य संपत आलेली टाकी स्वस्तात मिळते ती त्याचमुळे. फायबरवर खोल ओरखडा, सुटलेले धागे, वरून नव्याने फासलेला रंग यांपैकी काहीही दिसलं तर पुढे विचारपूस करण्यातही अर्थ नाही. रंगाखाली काय झाकलंय ते तुम्हाला कळणार नाही.

‘हवा ती हवाच, झटपट भरा’

गॅरेजमधला कॉम्प्रेसर ८ ते १० बार देतो, तेव्हा तो प्रश्नच मिटला. कार्बन डायऑक्साइड साध्या तापमानाला ५७ बारच्या आसपास द्रव होतो, त्यामुळे तोही बाद. ऑक्सिजन मात्र बाद नाही, निषिद्ध आहे. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि बंदुकीतला तेलाचा अंश एकत्र आले की पेट घ्यायला ठिणगीही लागत नाही. ‘रिकामा पडलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, त्यावरून भरू’ असं कोणी म्हणालं तर तिथून बाहेर पडा.

उरतो उच्च दाबाचा कॉम्प्रेसर, आणि त्यातली कुणी फारशी न बोलणारी गोष्ट म्हणजे पाणी. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे १४ ग्रॅम वाफ असते. आपली ६.८ लिटरची टाकी रिकामी असताना पूर्ण भरायला असे दोन घनमीटर लागतात. म्हणजे वाळवण न करता भरली तर पंचवीसेक ग्रॅम पाणी आत जाऊन बसायची तयारी असते. ते मग फिलागणिक बंदुकीत उतरतं, झडपेवर आणि रेग्युलेटरवर गंज धरतं. कॉम्प्रेसरचा सेपरेटर फक्त द्रव झालेलं पाणी काढतो. तिथून पुढे निघालेली गरम हवा वाफेने भरलेलीच असते आणि टाकीत थंड झाली की पुन्हा पाणी सोडते. त्यामुळे सेपरेटरनंतर मॉलिक्युलर सीव्हचा, म्हणजे वाफ शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर हवाच, आणि त्यातला माल वेळेवर बदललेला हवा.

झटपट भरण्याने वाचतं काहीच. हवा दाबली की तापते. टाकी ५० अंशांवर असताना काट्याने ३०० दाखवले, तर ती २० अंशांवर आल्यावर काटा २७० च्या आसपास उतरतो. मग ‘गळतेय’ म्हणून लोक टाकी परत घेऊन येतात. सावकाश भरली, मध्ये थांबून गार होऊ दिली, तर तेवढे बार हातात राहतात. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर बहुतेक बंदूक थेट भरण्यापुरतेच बनवलेले असतात. त्यांना टाकी भरायला जुंपलं की ते तापून बसतात. हातपंपाचं म्हणाल तर एका दट्ट्याला पाव लिटर हवा धरली तरी दोन हजार लिटरला आठ हजार दट्टे होतात. बंदुकीसाठी पंप ठीक आहे, टाकीसाठी नाही.

‘थेंबभर तेल सोडा’

नाही. उच्च दाबाची हवा अरुंद जागेत अचानक घुसली की तिथलं तापमान क्षणात इतकं चढतं की खनिज तेल पेट घेऊ शकतं. हवा सुटत असेल तर टाकी बंद करा, होजमधला (जोडनळीतला) दाब सोडा, ओ-रिंग (जोडणी घट्ट बंद करणारी रबरी कडी) बदला. नव्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो.

‘जास्त दाब, जास्त जोर’

रेग्युलेटर नसलेल्या बंदुकीत उलटही होतं. चाप ओढला की हॅमर, म्हणजे आतला स्प्रिंगचा ठोकळा, झडपेवर आदळून ती क्षणभर उघडतो. मागून हवेचा दाब प्रमाणाबाहेर असेल तर झडप पुरेशी उघडतच नाही आणि छर्रा मंद जातो. रेग्युलेटर असेल तर जादा दाबाने वेग वाढत नाही, सील आणि सिलिंडरवरचा ताण तेवढा वाढतो. बंदुकीवर लिहिलेला कमाल दाब हाच शेवटचा आकडा.

संदेशात जे आलंच नाही ते म्हणजे टाकी कुठे भरून मिळणार. पैसे देण्याआधी भरणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किती बारपर्यंत भरता, हवा वाळवता का, आणि जोडणी कुठली. २३२ बारच्या डिन जोडणीचा (आट्यांनी फिरवून बसणाऱ्या जोडणीचा) नर भाग ३०० च्या झडपेत मुद्दामच नीट बसू दिलेला नसतो, आणि क्लॅम्पची जोडणी २३२ च्या वर चालत नाही. समजा तिथे २३२ पर्यंतच भरतात. मग तुमच्या ६.८ लिटरच्या महागड्या टाकीत २०० च्या वर ३२ बारच उरतात, म्हणजे २१८ लिटर हवा, म्हणजे १३ फिल. तशा वेळी १२ लिटरची पोलादी टाकी २४ देते, आणि संदेशातला लिटरचा सल्ला फक्त तिथे बरोबर ठरतो.