"टेन्शन नको घेऊस" म्हणणाऱ्यांनो, मग थोडं तुम्ही घ्या ना!

डोकं फिरलंय माझं आज. भंडारदऱ्याला प्रवरेच्या खोऱ्यात जाऊन एक रात्र तंबूत राहायचं, एवढी साधी गोष्ट ठरवायची होती आणि ती ठरवता ठरवता जीव मेटाकुटीला आलाय. काहीही विचारलं की ग्रुपवर एकच उत्तर, "अगं टेन्शन नको घेऊस, होऊन जाईल." कसं होऊन जाईल? कोण करणारे? तुम्हाला टेन्शन नाही कारण तुमच्या वाटणीचं सगळं मी घेऊन बसलेय, हे एकालाही कळत नाही का?

आधी तारीख. पोल टाकला, सगळ्यांनी पटापट टिक केलं, मी गाडीवाल्याशी बोलून ठेवलं, आणि मग एकाला आठवलं की त्याच दिवशी चुलत मेव्हण्याची हळद आहे. बरं, लग्नसराई आहे, समजू शकते, बदलली तारीख. तर दुसरीचं सुरू, की मार्गशीर्ष लागतोय, आमच्याकडे महिनाभर नॉनव्हेज चालत नाही, मग तिथे जाऊन मजा काय. अगं मग टिक करताना भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं ना! ॲडव्हान्स मागितला तर "देतो ना, पळून चाललोय का मी". नाशिकच्या कॉलेज रोडला एका संध्याकाळी कॉफी-सँडविचवर उडवता त्यापेक्षा जास्त नाहीये ती रक्कम, पण तिथे पटकन स्कॅन करता आणि इथे मला वसुलीवाल्यासारखं मागे लागायला लावता.

हे सगळं गिळलं असतं मी, शप्पथ. खरी सटकली ती तंबू कुठे लावायचा यावरून.

एका मित्राने रील टाकलं. भर नदीपात्रात, गोट्यांच्या बेटावर, पाण्यापासून हातभर अंतरावर केशरी तंबू आणि आत पिवळा दिवा. "बस्स, हेच पाहिजे." खाली लगेच बाकीच्यांचे बदाम. मी लिहिलं की पात्रात तंबू लावायचा नाही. तर म्हणे, आता कुठे पाऊस आहे, डिसेंबर आहे.

अरे पावसाचा काय संबंध! वर विल्सन डॅम, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण उभं आहे, १९२६ साली बांधून झालेलं, ११ टीएमसीचं, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाण्याचं. त्याच्या खालच्या अंगाला प्रवरेचं पाणी नुसतं पावसावर नाही, ते वरून किती सोडतात त्याच्यावर आहे. खाली पार संगमनेर-श्रीरामपूरपर्यंतची शेती या पाण्याकडे डोळे लावून बसलेली असते, आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी पात्रात पाणी चढतं, आणि संध्याकाळी ज्या गोट्यांवरून चप्पल हातात घेऊन मजेत पलीकडे गेलात तिथून रात्री अंधारात, झोपेतून उठून, पोरांना कडेवर घेऊन परत येता येत नाही. बरं, धरणाच्या वरच्या बाजूला, रतनवाडीकडे गेलो तरी तेच. तिथे उभे कडे, नुसता काळा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही, अवकाळीची एक सर वर रतनगडावर पडली तरी सगळं ओढ्यातून धाडकन खाली येणार आणि तुमच्या तंबूवर एक थेंब पडलेला नसेल.

आणि हे मी कोणाला समजावतेय, तर नाशिककरांना! ज्यांच्या गावात गोदावरीचा पूर मोजायचा तोच मुळी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. कंबरेपर्यंत आला का, गळ्यापर्यंत आला का, बुडाला का. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पावसाळ्यात आपल्याकडे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. २००८ चा पूर विसरलात? २०१९ ला सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा याच ग्रुपवर व्हिडिओ टाकत होता ना तुम्ही? गोदाघाटावर लावलेल्या गाड्या वाहून जातात तेव्हा "काय मूर्ख लोक आहेत, नदीत गाडी लावतात" असं लिहिणारा आमचा जो महाभाग आहे, तोच आता मला म्हणतोय की गोट्यांवर तंबू लावू, व्ह्यू भारी येतो. गाडी नदीत लावणारा मूर्ख आणि नदीत झोपणारा कोण?

मग एका कॅम्पवाल्याला फोन केला. "ताई, एकदम पाण्याला लागून देतो, पाय बाहेर काढला की पाण्यात." मी विचारलं, पाणी वाढलं तर? "नाही वाढत." धरणातून सोडणार असतील तर तुम्हाला कोण कळवतं? "आम्ही आहोत ना ताई." टॉयलेट किती, किती लोकांमागे? "होऊन जाईल ताई." म्हणजे इथेही होऊनच जाणार! आणि वर मोठ्या अभिमानाने सांगतो की रात्री डीजे आहे. खोऱ्यात जायचं, चांदण्या बघायच्या, पाण्याचा आवाज ऐकायचा म्हणून आपण नाशिकमधून निघायचं आणि तिथे जाऊन तेच धाडधाड गाणं ऐकायचं जे इथे प्रत्येक वरातीत वाजतं?

टॉयलेटचं ग्रुपवर विचारलं तर हसण्याचे इमोजी. ग्रुपमध्ये अर्ध्या बायका आहोत आम्ही, एकीची सासू येतेय, दोघींची लहान पोरं आहेत, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेताय? दुपारपासून पाणी प्यायचं टाळत बसायचं का आम्ही, की रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च घेऊन झाडीत जायचं? बिबट्याचा वावर आहे त्या भागात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते, १९८६ पासून, आपल्या सोसायटीचं टेरेस नाही की मनाला येईल तिथे तंबू ठोकला, लाकडं गोळा केली आणि स्पीकर लावला. डिसेंबरात गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एक ठिणगी उडाली की डोंगरच्या डोंगर काळा. ते विझवायला गावातली माणसं रात्रभर फांद्या घेऊन धावतात, तुम्ही तोपर्यंत घोटीला मिसळ खात असता.

थंडीचं तर बोलायलाच नको. निफाडचा पारा घसरला की बातम्या फॉरवर्ड करणारी हीच मंडळी, आणि स्लीपिंग बॅग आणा म्हटलं तर "एक चादर बास, थंडी एन्जॉय करू". रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाला येऊन बसते, पाण्याकाठी तर जास्तच, आणि खरी थंडी वरून नाही, खालून येते, जमिनीतून, म्हणून अंगाखाली जाड मॅट लागते. हे मी सविस्तर लिहून टाकलं. त्याखाली काय आलं? गुड मॉर्निंगचा फोटो.

आपलेपणाने कोण बोललं, तर ज्यांच्या घरी जेवणाचं विचारत होते त्या तिथल्या मावशी. त्यांना मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "खाली नदीला नका लावू बाई. दवानं पहाटेला सगळं भिजतंय, अन् झोपेत पाणी चढलेलं कळत बी नाही. आमच्या घरामागं खाचर हाय, भात काढलाय, तिथं लावा. पोरं हायत ना संगं?" एका वाक्यात पोरांची चौकशी केली त्या बाईने, जिने आम्हाला बघितलंही नाहीये. आणि ज्यांची पोरं आहेत ते मला विचारतायत की ड्रोन कोण आणणार.

म्हणून आज सरळ लिहून टाकलं. तंबू मावशींच्या खाचरात, नदीपासून लांब आणि उंचावर. शेकोटी नाही, अंगणात चुलीपुढे बसायचं. भाकरी, पिठलं, ठेचा, ज्यांचा मार्गशीर्ष नाही त्यांना कोंबडी. पुढे रेंज धड मिळत नाही, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. पैसे उद्या रात्रीपर्यंत, नाही आले तर नाव कट, आणि ज्याला रीलसारखंच पाहिजे त्याने आपलं वेगळं बघावं, पण माझ्या भरवशावर नाही. कारण काही झालं तर तुमच्या आया मला फोन करतात, त्या रीलवाल्याला नाही.

सगळ्यांनी वाचलंय, निळ्या टिका दिसतायत. उत्तर एकाचंच आलंय. स्पीकर माझा छोटाच आहे, तो चालेल ना, म्हणे. नाही चालणार! छोटा नाही, मोठा नाही, कुठलाच नाही. आणि तू अजून पैसे पाठवलेले नाहीस.