आख्खं विमान कुठंय?

पोथीला पाय लागला तर नमस्कार करायचा, एवढं लहानपणी शिकवलेलं आहे. पण शेजारच्या गृहस्थांनी मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानाच्या पुढच्या चाकाच्या कप्प्याच्या फोटोवर कर्जतच्या वड्याचा अंगठा उमटवला, तर कोणी कोणाला नमस्कार करायचा, हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. चार हजारांचं पुस्तक. टपालखर्च वेगळा. २०१९च्या अर्थसंकल्पापासून परदेशी पुस्तकांवर बसलेली ५ टक्के कस्टम ड्यूटी वेगळी. आणि गृहस्थ म्हणतात, "गुळगुळीत कागद आहे हो, पुसलं की जाईल." गेलं नाही.

ज्यांना या पुस्तकांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही काही लोक प्लास्टिकची विमानं जोडतो. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट आमच्याकडे एका इंचात बसतात. मिग-२१चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर ते दहा सेंटिमीटरही भरत नाहीत. एवढ्याशा त्या विमानाचं चाक पोटात जातं तिथल्या नळ्या कुठल्या रंगाच्या, हे आम्हाला कळावं म्हणून काही माणसं खऱ्या विमानाखाली उताणी पडून फोटो काढतात. त्या फोटोंची पुस्तकं निघतात आणि आम्ही ती घेतो. चांगल्या पुस्तकाची खूण अशी, की त्यात विमान जवळजवळ दिसतच नाही. मुखपृष्ठावर असतं, नाइलाज म्हणून. आत नुसते अवयव. इजेक्शन सीटचे पट्टे, एअरब्रेकची आतली बाजू, जेट पाइपातली काजळी आणि कॉकपिटचा तो रशियन निळसर हिरवा रंग, ज्याच्या नेमक्या छटेवरून आमच्यातल्या दोन सज्जनांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे.

तर सिंहगड एक्सप्रेस, खिडकीची जागा, मांडीवर कोरं पुस्तक. लोणावळा सुटलं आणि शेजारच्या काकांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्याच्या हद्दीत आलं.

"डॉक्टरकीचं आहे का?"

"नाही, विमानाचं."

"मग हे आतडं कसलं?"

"हायड्रॉलिकची नळी. चाकाच्या कप्प्यातली."

"आणि हे?"

"तोच कप्पा. डावीकडून."

"आणि हे?"

"तोच. खालून वर बघितल्यावर."

काकांनी माझ्या मांडीवरचं पान स्वतःच उलटलं. पुढचं उलटलं. मग पुस्तकच उचललं आणि शेवटाकडून सुरुवातीकडे चाळलं. "आख्खं विमान कुठंय?"

"आख्खं नसतं यात."

"चार पैसे देऊन घेतलंत, आणि आख्खं नसतं?"

काका कुठल्याशा सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. हे कळल्यावर पुढचं सगळं ओघानं आलंच. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सोव्हिएत युनियनच्या कामाची तपासणी सुरू केली. "रिव्हेट एका ओळीत नाहीत." पान उलटलं. "इथं गळतंय. बिल कसं पास झालं?" पान उलटलं. "हे झाकण मूळ एस्टिमेटमध्ये नसणार, मागाहून बसवलेलं दिसतंय." हे शेवटचं, सांगायला जीव जातो, पण बरोबर होतं.

त्यांना जरा गप्प करावं म्हणून मी मुख्य चाकांची गंमत सांगितली. मिगचा पाय दुमडून पंखात जातो. पण पंख इतका पातळ, की चाक त्यात मावत नाही. म्हणून चाक जाता जाता स्वतःभोवती वळतं आणि पोटात उभं राहतं. ही हालचाल समजली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. काका म्हणाले, "म्हणजे डिझाइनच चुकलेलं. पंख जाड करायचा."

"अहो, ते आवाजाच्या दुप्पट वेगानं जातं."

"जाऊ दे ना. पण चाक कुठं ठेवायचं हे आधी ठरवायला नको?"

घाटात काकांचा आवाज एकदम खाली आला. "हे सगळं तुम्हाला कशाला लागतं?"

"मॉडेल करतो."

"विकता?"

"नाही."

"मुलासाठी?"

"नाही, माझ्यासाठी."

काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही... वरून आहात का?"

"वरून म्हणजे?"

"म्हणजे आपल्या हेरखात्यातून. का दुसऱ्यांच्या?"

तेवढ्यात कर्जत आलं, वडे आले, आणि अंगठ्याचं ते प्रकरण घडलं. मी काहीतरी बोललो. नेमकं काय ते छापण्यासारखं नाही. काका अजिबात खजील झाले नाहीत. वड्याचा दुसरा घास घेऊन म्हणाले, "एवढं काय त्यात? आमच्या साडूनं ओझरला उभा जन्म हेच केलं."

मी हातातला रुमाल ठेवला. "ओझरला? एचएएलच्या विमान कारखान्यात?"

"मिगवरच होता. ही तुमची चाकं बसवायचा."

आता इथे थोडं थांबतो, कारण इथे मला खरोखर राग येतो. मिग-२१ आपल्याकडे १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदिगडला निवृत्त झालं. ओझरला ती ६००हून जास्त तयार झाली. चेकोस्लोव्हाकियानं बनवली दोनशेच्या आत, आणि चेक लोकांनी ती २००५ सालीच उडवणं थांबवलं. तरी नाशिक जिल्ह्यात बनलेल्या विमानाचं पोट बघायला मला चेक पुस्तकच मागवावं लागतं. मिगचं सगळ्यांत वाखाणलं गेलेलं मॉडेलचं किटसुद्धा तिकडच्याच एडुआर्ड कंपनीचं. आपल्याकडे काय आहे? चबुतऱ्यावर चढवलेली विमानं. अंगावर ऑइल पेंटचे इतके थर, की खालचे रिव्हेट बुजलेले, आणि मधोमध ज्यांच्या शुभहस्ते उद्घाटन झालं त्यांचं नाव. कप्प्यात पारवे. कॅमेरा काढला की कुठून तरी शिट्टी. दाबोळीजवळ नौदलाचं संग्रहालय आहे म्हणून निदान सी हॅरियर वाकून वाकून बघता तरी येतं. घरचे बोगमाळ्याच्या किनाऱ्यावर आणि मी तिथे विमानाच्या पोटाखाली, अशी एक सहल झाली होती. तिचा विषय घरी अजून निघतो. पण मिगचं काय? ज्यांनी हातानं ती चाकं बसवली त्यांना कुणी विचारलंय का, की बाबा, आतून रंग कुठला मारायचात?

"साडूंकडे फोटो असतील?" मी विचारलं.

"छे! आत कॅमेरा नेऊ देत नसत. पण त्याला पाठ आहे सगळं. झोपेत सांगेल. फावल्या वेळात वहीत चित्रं काढायचा, ती वही आहे त्याच्याकडे."

वही! मी वड्याचा डाग विसरलो. काकांना चहा पाजला. दुसरा वडा पाजायची, म्हणजे चारायची, तयारी दाखवली. पुस्तक पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं, आता पुसलेल्या हाताची अटही नाही. "काका, साडूंचा नंबर मिळेल?"

काकांनी मोबाइल काढला. नाव शोधलं. मला पडद्यावर 'बाळू ओझर' एवढं दिसलं, आणि त्यांनी फोन छातीशी धरला.

"देतो. पण एक सांगा, तुम्ही नोकरी कुठं करता?"

"बँकेत."

"मग बँकेचं वाचा ना," असं म्हणून फोन खिशात टाकून ते कल्याणला उतरून गेले.